पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर शर्टाखाली बाळगण्यासाठी कोणते होल्स्टर घ्यावे?

प्रश्न (सांगली)

नमस्कार. बेदाण्याच्या व्यापारामुळे मला रोख रक्कम घेऊन तासगावहून रात्री-अपरात्री परतावे लागते. त्यासाठी मिळालेल्या परवान्यावर मी गेल्या महिन्यात आयुध निर्माणीचे पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर घेतले आणि सोबत क्लिपने अडकवायचे मऊ कापडी होल्स्टरही घेतले. गाडीत बसताना ते वर सरकते, आणि परवा घरी आल्यावर रिव्हॉल्व्हर काढायला गेलो तर होल्स्टरच पट्ट्यातून निसटून त्याच्यासकट हातात आले. शेजारी मुलगी अभ्यास करत बसली होती, त्यामुळे ते पुन्हा कमरेला लावायचे धाडस झालेले नाही. चामड्याचे घ्यावे की कडक प्लास्टिकचे, आणि घेताना काय पाहावे?

उत्तर (सातारा, निवृत्त सैनिक)

कापडी होल्स्टर बाजूला ठेवलेत, हे फार चांगले केलेत. होल्स्टर पारखताना मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकला जातो का, आणि बाहेरून बोटाने दाबल्यावर तो भाग आत ट्रिगरपर्यंत दबतो का. दबत असेल, तर ते कितीही देखणे असले तरी घेऊ नये. मऊ कापडाची किंवा जुन्या, ढिल्या झालेल्या चामड्याची घडी शस्त्र परत आत सरकवताना ट्रिगरमध्ये अडकते आणि त्यातून नकळत गोळी सुटते.

दुसरे म्हणजे तोंड. रिव्हॉल्व्हर काढल्यावर होल्स्टरचे तोंड उघडेच राहिले पाहिजे, नाहीतर परत ठेवताना दुसऱ्या हाताने ते उघडावे लागते आणि तो हात नळीसमोर येतो. घरी सर्व काडतुसे काढून, सहाही कोठ्या रिकाम्या असल्याची दोनदा खात्री करून, होल्स्टर गादीवर उलटे धरून हलवा. रिव्हॉल्व्हर खाली पडले, तर पकड अपुरी आहे. परत ठेवताना बोट ट्रिगरपासून दूर, सरळ असावे आणि घाई अजिबात नसावी.

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. ज्या होल्स्टरमधून ते निसटते, त्यात ते ताब्यात आहे असे कसे म्हणणार?

उत्तर (रत्नागिरी)

सातारच्या काकांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. चामडे अंगाला टोचत नाही, त्यामुळे दिवसभर वापरायला मला तेच बरे वाटते. मात्र ते जाड, शिवण घट्ट असलेले आणि आपल्याच मॉडेलच्या मापाचे हवे. पिस्तुलासाठी बनवलेले होल्स्टर चालत नाही, कारण रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर, म्हणजे काडतुसे बसतात तो गोल भाग, दोन्ही बाजूंना फुगीर असतो. चामडे घाम आणि ओल धरून ठेवते, म्हणून रात्री शस्त्र त्यात ठेवू नये. एका पावसाळ्यात मी आठवडाभर तसेच कपाटात ठेवले आणि नळीवर, नेमकी चामड्याची शिवण टेकत होती तिथे, गंजाची तांबूस रेघ उमटली. कायडेक्ससारख्या कडक प्लास्टिकला ही भीती कमी, पण घाम त्यालाही लागतोच. रोज कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात फिरवावा.

उत्तर (सातारा, निवृत्त सैनिक)

पट्ट्याचे सांगायचे राहिले. साधा पातळ पट्टा वजनाने वाकतो आणि होल्स्टर बाहेर झुकते. सुमारे दीड इंच रुंद, कडक पट्टा घ्या आणि होल्स्टरची पट्टी त्यावर घट्ट बसते का ते दुकानातच पाहा. उजव्या हाताने वापरत असाल तर उजव्या कुल्ह्याच्या किंचित मागे लावून खुर्चीत बसून, वाकून, उठून पाहा. गाडीचा सीटबेल्टही होल्स्टरला अडकू शकतो, म्हणून तो लावूनही एकदा तपासा.