मदत हवी आहे: बीटा टायटॅनियमचा यंग मॉड्युलस खाली का येत नाही?

धातुवेडा: एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी इम्प्लांटसाठीचा एक मिश्रधातू तयार करीत आहे. त्यात २९ टक्के नायोबियम, १३ टक्के टँटलम, ४.६ टक्के झिर्कोनियम आणि बाकी टायटॅनियम आहे. जपानी संशोधकांना याच मिश्रधातूचा यंग मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचे माप, ६० ते ६५ गिगापास्कल मिळाला. माझा मात्र ९२ येतो आणि कोल्ड रोलिंग करताना (न तापवता लाटताना) कडांना तडे जातात. बटणे (मिश्रधातूचे छोटे गोळे) व्हॅक्युम आर्क भट्टीत वितळवली, नेहमीप्रमाणे होमोजिनायझेशन केले, म्हणजे घटक एकसारखे पसरावेत म्हणून तापवून ठेवले, एक्सआरडीत (क्ष-किरण चाचणीत) फक्त बीटाच्या, म्हणजे हव्या त्या स्फटिकरचनेच्या, रेषा दिसतात. पुढच्या आठवड्यात सादरीकरण आहे, त्यामुळे मुद्द्याचेच उत्तर द्यावे.

सूक्ष्मदर्शी: टक्के वजनाने की अणुसंख्येने? मॉड्युलस कोणत्या पद्धतीने मोजला? आणि ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे कोणत्या तापमानाला, किती वेळ, आणि त्यानंतर नमुना कसा थंड केला?

जुनी भट्टी: एवढी चौकशी करण्याची गरज नाही, टँटलम विरघळलेला नाही. टायटॅनियम १६६८ अंशांवर वितळतो, टँटलमला ३०१७ अंश लागतात. शिवाय त्याची घनता साडेसोळाच्या पुढे आणि टायटॅनियमची जेमतेम साडेचार, त्यामुळे टँटलमचा तुकडा बटणाच्या तळाशी जाऊन बसतो आणि वरून सगळे छान चकचकीत दिसते. आम्ही प्रत्येक बटण उलटून किमान सहा वेळा वितळवत असू, आणि आधी गेटर म्हणून टायटॅनियमचा वेगळा गोळा वितळवून भट्टीतला उरलासुरला ऑक्सिजन शोषून घेत असू. बटण मधोमध कापून पाहा.

सूक्ष्मदर्शी: तुकडे राहिले असतील तर आकडा जागोजागी बदलेल, सगळीकडे ९२ येणार नाही.

हाडवैद्य: मी शस्त्रक्रिया करणारा माणूस आहे, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. हाडाच्या बाहेरच्या कठीण भागाचा मॉड्युलस १० ते ३० गिगापास्कल असतो, आपल्या नेहमीच्या सहा-चार टायटॅनियमचा (६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम) ११० आणि कोबाल्ट-क्रोमचा २०० च्या वर. इम्प्लांटचा ताठ दांडा सगळा भार स्वतःच उचलतो आणि भोवतीचे हाड काम नसल्यामुळे विरळ होत जाते, हे खरे आहे. परंतु दांडा फार लवचीक केला तर हाड आणि धातू यांच्यामधली सूक्ष्म हालचाल वाढते आणि तो सैल होतो. मणक्याच्या रॉडची अडचण आणखी निराळी आहे, कारण तो आम्ही टेबलावरच वाकवतो आणि कमी मॉड्युलसचा रॉड वाकवून सोडला की पुन्हा उसळतो. त्यामुळे आकडा जितका कमी तितका चांगला, हे गृहीतच मला मान्य नाही.

धातुवेडा: डॉक्टर, माझा प्रश्न तो नव्हता. सूक्ष्मदर्शी, टक्के वजनाने आहेत, मोजणी अल्ट्रासोनिक पद्धतीने केली आहे आणि प्रत्येक बटण सहा वेळा उलटले आहे. क्वार्ट्झच्या बंद नळीत १००० अंशांवर ठेवून रात्री भट्टी बंद केली आणि सकाळी नमुने काढले. यात वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

नीलमोहर: माझ्या आईच्या मांडीत टायटॅनियमचा रॉड आहे. तोही काढावा लागेल का?

हाडवैद्य: हाड जुळले असेल आणि त्रास नसेल तर बहुतेक वेळा तो तसाच ठेवतात, तरीही त्यांच्या डॉक्टरांना विचारावे.

सूक्ष्मदर्शी: धातुवेडा, सांगण्यासारखे होते ते नेमके तेच. भट्टीत रात्रभर निवताना नमुना ५०० ते ३०० अंशांच्या पट्ट्यातून अतिशय सावकाश खाली आला आणि त्या पट्ट्यात बीटामध्ये ओमेगा प्रावस्थेचे, म्हणजे वेगळ्या स्फटिकरचनेचे, अतिसूक्ष्म कण तयार होतात, काही वेळा अल्फा या आणखी एका प्रावस्थेचेही. ओमेगा मॉड्युलस वाढवतो आणि धातू ठिसूळ करतो. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या आहेत. एक्सआरडीवर विसंबू नका, कारण ओमेगाच्या बऱ्याच रेषा बीटाच्या रेषांवरच पडतात आणि उरलेल्या इतक्या फिक्या असतात की पार्श्वभूमीत हरवतात. टीईएमवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर) डिफ्रॅक्शन घ्या. उपाय मात्र आजही करता येईल: नमुना ७९० अंशांवर एक तास ठेवा आणि नळी पाण्यातच फोडून क्वेंच करा, म्हणजे झटक्यात थंड करा.

जुनी भट्टी: क्वेंच करताना नळी फुटली नाही तर नमुना आत सावकाशच निवेल, म्हणून हातोडी जवळ ठेवावी.

सूक्ष्मदर्शी: डॉक्टरांच्या रॉडसंबंधी एक गमतीची गोष्ट सांगतो. जपानमध्ये १२ टक्के क्रोमियमचा टायटॅनियम याच अडचणीसाठी अभ्यासला गेला. रॉड जिथे वाकवला जातो तिथेच विरूपणामुळे ओमेगा तयार होतो, तेवढाच भाग ताठ होतो आणि उसळी कमी होते. बाकीचा रॉड लवचीकच राहतो. इथे जो खलनायक आहे, तोच तिथे कामाला लावला आहे.

धातुवेडा: काल एक नमुना ७९० अंशांवरून क्वेंच केला. रोलिंगमध्ये जाडी निम्मी झाली तरी तडा गेला नाही. मॉड्युलसची मोजणी गुरुवारी आहे, आकडा इथेच टाकीन. थंड करण्याची पद्धत पहिल्याच संदेशात लिहायला हवी होती, हे मान्य करतो.

जुनी भट्टी: तरीही बटण कापून तळ पाहावा, असे माझे मत कायम आहे.