'ज्याचा त्याचा वेग' म्हणता म्हणता पाचवी आली

चौथा_मजला:
पुण्यातली एक प्रयोगशील मराठी शाळा. नाव लिहीत नाही, ओळखलीत तरी कृपया लिहू नका. मुलगा पहिलीपासून तिथे होता, पाचवीत काढला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं डेक्कनच्या स्टॉपवर उभे होतो. बस आली, माझं डोकं मोबाइलमध्ये. म्हटलं, बघ रे कुठली आहे. त्यानं पाटीकडे मान वर केलीच नाही. पळत जाऊन कंडक्टरला विचारून आला. मला कौतुक वाटलं, काय धीट पोरगं! पुढच्या बसला तेच. तिसऱ्या वेळी माझी ट्यूब पेटली. दहा वर्षांच्या मुलाला 'वारजे माळवाडी' वाचता येत नव्हतं.

प्रगतिपुस्तकात गुण नसायचे, चार पानं वर्णन असायचं. 'निसर्गात रमतो. गोष्ट रंगवून सांगतो. वाचनाकडे त्याच्या वेगानं येतो आहे.' पहिली ते चौथी, शेवटचं वाक्य तेच. वर्गाच्या ताईंना विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुलना नको." वर्गातली पुस्तकं त्याला ऐकून पाठ होती, चित्र बघून पान उलटायचा, आम्हाला वाटायचं वाचतोय. शेवटी बाहेर तपासणी केली. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता.

परीक्षा नव्हती ही माझी तक्रार नाही. पोराकडे कुणी बघितलंच नाही, ही आहे.

खडू_फळा:
असहमत. अशाच एका शाळेत अकरा वर्षं शिकवलंय. आठ वर्षं पुरी व्हायच्या आत अध्ययन अक्षमतेचं पक्कं निदान सहसा कुणी देत नाही. म्हणजे दुसरीपर्यंत शाळा थांबली, यात पाप काय झालं? नेहमीच्या शाळेत साठांच्या वर्गात त्याला पहिल्याच वर्षी 'ढ' ठरवून मागच्या बाकावर बसवलं असतं. अनोळखी कंडक्टरला बेधडक विचारतो, ते कुठून आलं?
आणि राग मानू नका, पण चार वर्षांत घरी एकदाही नवं पुस्तक समोर ठेवलं नाहीत?

बांधावरचा_मास्तर:
मी जिल्हा परिषद शाळेवर आहे. 2021 ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं, तिसरीच्या अखेरीला पोरानं समजून वाचलंच पाहिजे. तेव्हापासून कागद रंगवून हात दुखतात, ते असो. पण तपासणीला केंद्रप्रमुख येतो, कुठलंही पोर उभं करतो, कुठलंही पान काढतो. आमचं पोर लपत नाही. तुमच्याकडे कोण येतं बघायला? फी किती होती, विचारू का?

चौथा_मजला:
90 हजार. विचारलंत ते बरं केलंत.

@खडू_फळा, नाही ठेवलं. प्रवेशाच्या वेळी आमच्याकडून लिहून घेतलं होतं, घरी अभ्यास घेणार नाही म्हणून. मला ते फार आवडलं होतं. नव्या पालकांच्या सभेत माइक हातात घेऊन मीच सांगायचे, विश्वास ठेवा. माझ्या शब्दावर तीन घरं तिथे आली. त्यातल्या एकीला मी अजून फोन केलेला नाही.
निदान आठनंतर, मान्य. पण अक्षर आणि आवाज जोडायला पोराला रोज वीस मिनिटं जास्तीची द्यायला कुठलं प्रमाणपत्र लागतं?

चिंचेचं_झाड:
मी अशाच शाळेतून दहावी झालो, आज धड कमावतो. या धाग्यांची गंमत वाटते. पालकांना सहाव्या वर्षी चिखलात खेळणारं पोर हवं असतं आणि अकराव्या वर्षी स्कॉलरशिपवालं. मधे शाळा बडवायला मोकळे.

दुपारची_पाळी:
@चिंचेचं_झाड, स्कॉलरशिप कुणी मागितली इथे? बसची पाटी वाचता यावी म्हणतायत त्या.
पालघरकडच्या कोसबाडला बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काय केलं आठवा. पोरं गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत, हे त्यांना दिसलं. म्हणून शाळाच कुरणात नेली. 'येतील त्यांच्या वेगानं' म्हणत ओट्यावर बसून राहिल्या नाहीत. आपल्याकडच्या काही शाळांनी त्यांचे फोटो भिंतीवर लावले आणि वाट बघणं तेवढं उचललं. जरा तिखट झालं, राहू दे.

खडू_फळा:
@दुपारची_पाळी, फोटोचं लागलं, कारण आमच्या भिंतीवरही होता. तरी सगळ्या शाळांना एका माळेत ओवू नका. आमच्याकडे दर शनिवारी शिक्षक एकेका मुलाबद्दल बोलत बसायचे, दुपारचे तीन वाजायचे. ताई दरवर्षी सोडून जायला लागल्या तसं ते बंद पडलं. पगार काय देत होतो ते लिहिण्यासारखं नाही. नोंदी मात्र चालू राहिल्या. मागच्या वर्षीची वही उघडायची आणि... हो, उतरवायची. मीही उतरवल्यात.

बांधावरचा_मास्तर:
हे लिहायला छाती लागते, ताई.
मूळ पोस्टवाल्या ताई, सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र करून ठेवा. दहावीला जादा वेळ, लेखनिक मिळतो. ऐन वेळी धावपळ होते.

रोजचीच_घाई:
पहिल्यांदाच लिहितेय. मुलगी अशाच शाळेत, तिसरीत आहे. वाचताना बोट फिरवते, पण बोट एका शब्दावर आणि तोंडात दुसराच. काल मी तिच्या आवडत्या पुस्तकातली चित्रं हातानं झाकली. ती गप्प झाली, मग रडायला लागली. कुणाकडे तपासलंत?

चौथा_मजला:
@रोजचीच_घाई, व्यक्तिगत निरोप केलाय. तिला आज परत वाचायला बसवू नका.