भरताच्या वांग्याचं रोप गॅरेजमध्ये टाकलंय, सल्ला हवा

धागा, भुसावळहून:
नमस्कार मंडळी. यावलकडच्या माहेराहून भरताच्या वांग्याचं बी आणलंय. तीच मोठी, हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजली की वास गल्लीभर जातो. गेल्या मे महिन्यात गच्चीवर रोप टाकलं होतं, ते उन्हात करपून गेलं. म्हणून यंदा गॅरेज निवडलं. वर पत्रे, समोर शटर, छताला एक ट्यूब. पंधरा दिवसांपूर्वी परसातली माती कुंड्यांत भरून बी टाकलं. उगवलं छान, पण रोपं दोऱ्यासारखी लांब झालीत आणि सगळी शटरच्या फटीकडे कललीत. आज सकाळी सहा रोपं आडवी पडलेली दिसली. एक उचलून पाहिलं तर वर पानं हिरवीगार, पण मातीलगत देठ पाणावलेला आणि चिमटीत दाबल्यासारखा बारीक. बी थोडंच उरलंय, ते वाया जाऊ द्यायचं नाही. कुठे चुकतंय?

चोपड्याहून:
ताई, तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत. लांब होऊन कलणं हा उजेडाचा प्रश्न. छतावरची ट्यूब आपल्याला लख्ख वाटते, पण रोपापर्यंत तिचा उजेड फार थोडा पोचतो. २० वॉटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब घ्या आणि दोरीने खाली सोडा, रोपाच्या शेंड्यापासून चार बोटांवर. रोप वाढेल तशी दोरी वर घ्यायची. रोज १४ ते १६ तास दिवा चालू, रात्री बंद. पंधरा तास धरले तर दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला साधारण १८. बी उगवून वर आलं की त्याच दिवशी दिवा लावा. दोन दिवस उशीर केला तरी मान लांबते आणि ती पुन्हा आखूड होत नाही.

धुळ्याहून:
आडवी पडलेली रोपं म्हणजे मर. बुरशी आहे ती. ओल जास्त, हवा कोंडलेली आणि परसातली माती, तिन्ही तिला आवडतं. पडलेली रोपं भोवतालच्या मातीसकट काढून लांब टाका. उरलेल्या बियांसाठी प्रो ट्रे (रोपांसाठीचा खाचांचा ट्रे) आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणा, त्यात चौथा हिस्सा चाळलेलं गांडूळखत आणि थोडं ट्रायकोडर्मा (मरीच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. कोकोपीट दोनदा गोड्या पाण्यात धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. आपल्याकडचं बोअरचं पाणीही क्षारांचं, तेव्हा रोपांना नळाचंच द्या. झारीने वरून घालू नका. ट्रे घमेल्यातल्या बोटभर पाण्यात ठेवायचा, वरचा थर ओलसर दिसला की उचलायचा. आणि कोपऱ्यात लहान पंखा हळू चालू ठेवा, देठही जाड होतो.

शहाद्याहून:
पत्र्याच्या उष्णतेचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. वांग्याचं बी २५ ते ३० अंशांत चांगलं उगवतं, ३५ च्या वर गेलं की उगवण घटते. मेमध्ये पत्र्याखाली दुपारी काय होतं ते आपल्याला ठाऊकच आहे. आमच्या घरी बी ओल्या फडक्यात बांधून माठाच्या बुडाशी ठेवतात, मोड दिसला की ट्रेमध्ये. ट्रे मांडणीवर ठेवू नका, खाली फरशीवर ठेवा, तिथे गार असतं. पत्र्यावर गोणपाट टाकून दुपारी भिजवा. आणि गाडी आत चालू ठेवू नका, धूर रोपांना बाधतो आणि बंद शटरमागे माणसाच्या जिवावर बेततो.

भुसावळहून:
लाइट दोन-तीन तास जाते, त्याचं काय? आणि प्रो ट्रे नसेल तर कागदी कप चालतील?

चोपड्याहून:
दोन-तीन तासांनी काही बिघडत नाही. सकाळी नऊपर्यंत शटर वर ठेवा, कोवळं ऊन फुकट मिळतं. कप चालतील, फक्त बुडाला तीन भोकं पाडा.

अमळनेरहून:
पोरी, घाई करू नको. मे संपता संपता बी टाकलंस तर जुलैच्या सुरुवातीला रोप पाच आठवड्यांचं, चार-पाच पानांचं होईल. तोवर पाऊस बसलेला असतो. लावणीआधी आठ-दहा दिवस रोपं बाहेर काढायची सवय लाव, पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं वाढवत न्यायचं. पाणीही थोडं कमी करायचं. तुझी गच्चीवरची रोपं ह्याच पायी गेली असतील, कोवळी पानं एकदम उन्हात. करी देख, जमी जाई.

भुसावळहून:
काका, ताई, सगळ्यांचे आभार. पहिल्या खेपेतली अकरा रोपं उभी आहेत, ती दिव्याखाली घेतली. चाळीस बिया फडक्यात बांधून माठापाशी ठेवल्यात. आज पाचवा दिवस, सहा बियांना पांढरा मोड दिसतोय.