मदत हवी आहे: आत्याच्या पित्ताशयात खडे, आधी ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीतला खडा काढणं) मग ऑपरेशन, दोन्ही कशाला?

नमस्कार मंडळी. आत्या बार्शीला असते, वय ६४. मागच्या महिन्यात रात्री जेवण झाल्यावर पोटात वर उजवीकडे जाम दुखायला लागलं, उलट्या, सगळ्यांना वाटलं पित्त झालंय म्हणून लिंबू-सोडा, अ‍ॅसिडिटीची गोळी वगैरे सगळं झालं, पण मग डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा कुठे सोनोग्राफी आणि एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) केली. पित्ताशयात बारीक बारीक बरेच खडे आहेत आणि रिपोर्टवर 'सीबीडी १० मिमी, डायलेटेड' असं लिहिलंय, म्हणजे पित्ताची नळी फुगलीय म्हणे. बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) ५.८, त्यातलं डायरेक्ट ४.६. सोलापूरला दाखवलं तर ते म्हणतात आधी एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय) करा, नळीत खडा दिसला तर ईआरसीपी करून स्टेंट टाकू, मग दुर्बिणीतून पित्ताशय काढू. डॉक्टर दोन मिनिटांत सगळं बोलून मोकळे, आम्ही बाहेर येऊन एकमेकांची तोंडं बघतोय. पित्ताची पिशवीच काढायचीय तर एकदाच काढा ना, तोंडातून नळी घालायचं मधेच काय? आणि स्टेंट म्हटल्यावर काका घाबरलेत, त्यांना वाटतंय हार्टचंच काहीतरी निघालं. आत्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदललीय, एमआरआय चालेल का? रक्त पातळ करायची गोळी पण चालू आहे. कोणी यातून गेलंय का?

स्कोपरूम
मी एंडोस्कोपी युनिटला काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पिशवी वेगळी आणि नळी वेगळी. लिव्हरमधून पित्त ज्या नळीने आतड्यात उतरतं ती सीबीडी, साधारण ६ मिमीपर्यंत नॉर्मल धरतात, वयानुसार थोडी जास्त. आत्याची फुगलीय आणि डायरेक्ट बिलिरुबिन वाढलंय म्हणजे खाली काहीतरी अडकल्याची शक्यता आहे. नुसती पिशवी काढली तर नळीतला खडा तिथेच राहील आणि कावीळ पण. सोनोग्राफीत नळीचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमुळे बऱ्याचदा दिसतच नाही म्हणून एमआरसीपी, ती फक्त फोटो काढते, काही तास उपाशी जायचं आणि मशीनमध्ये श्वास धरून पडून राहायचं. गुडघ्याच्या वाटीने सहसा अडत नाही पण टेक्निशियनला आधीच सांगा, इम्प्लांटचं कार्ड असेल तर घेऊन जा. पेसमेकर असता तर वेगळी गोष्ट.

ईआरसीपीत पोटावर एकही काप नसतो. भूल देऊन तोंडातून दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात, तिथे नळीचं तोंड तारेने थोडं मोठं करतात आणि बलून किंवा बास्केटने खडा ओढून काढतात. पित्त वाहतं राहावं म्हणून प्लास्टिकची बारीक नळी ठेवतात, तो यांचा स्टेंट, हार्टशी काही संबंध नाही, काकांना सांगा. धोका आहेच, स्वादुपिंडाला सूज येते, शंभरात साधारण तीन ते दहा जणांना, बहुतेकांना सौम्य. रक्त पातळ करायच्या गोळीचं नाव पहिल्या भेटीतच सांगा, काही बंद करावी लागतात आणि काही चालू ठेवतात, आपल्या मनाने बंद करायची नाही.

भीमथडी
आमच्याकडे एक जण कावीळ उतरवतो, खडे पण पाडतो काढा देऊन. एकदा बघा जाऊन.

स्कोपरूम
@भीमथडी कृपया असं सुचवू नका. मूतखडा लघवीवाटे पडतो, पित्ताचा खडा काढा पिऊन विरघळत नाही, आणि ही अडथळ्याची कावीळ आहे, दिवस घालवले की नळीत पू होऊ शकतो.

चारभोकं
माझी पिशवी गेल्या वर्षी काढली. पोटात गॅस भरतात त्यामुळे नंतर खांदा दुखतो, घाबरू नका, चालाफिरायला लागलं की जातो. पित्त लिव्हर बनवतं, पिशवी नुसती साठवते, त्यामुळे खाणंपिणं नॉर्मल होतं, मला सुरुवातीला तळलेलं खाल्लं की पळावं लागायचं एवढंच. दुर्बिणीतून पिशवी काढणं आत्याला नवीन प्रयोग वाटत असेल तर सांगा, मुंबईला जेजे हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमटन उडवाडियांनी १९९० मध्येच केलंय हे. आतून फारच चिकटलेलं असलं तर पोट उघडावं लागू शकतं, तो फॉर्म नीट वाचून सही करा. आणि मेडिक्लेम असेल तर पॉलिसी बघा, पित्ताशयाच्या खड्यांना बऱ्याच पॉलिसीत पहिली दोन वर्षं वेटिंग असतं.

मूळ धागाकर्ता
खूप आभार सगळ्यांचे, काका जरा शांत झाले. एमआरसीपीची तारीख सोमवारची मिळालीय. काल रात्री आत्याला थंडी वाजून ताप आला होता, पॅरासिटामॉलने उतरला, व्हायरल चालू आहे सगळीकडे.

स्कोपरूम
सोमवारची वाट बघू नका!! पोटदुखी, कावीळ आणि थंडी वाजून ताप, तिन्ही एकत्र म्हणजे नळीत इन्फेक्शन झालेलं असू शकतं. आत्ताच्या आत्ता गाडी करा, इमर्जन्सीला न्या, सगळे रिपोर्ट सोबत घ्या.

मूळ धागाकर्ता
अपडेट. त्याच रात्री अ‍ॅडमिट केलं, सलाईनमधून अँटिबायोटिक चालू केलं आणि एमआरसीपी न करता थेट ईआरसीपी केली. नळीत खडा होता आणि पू पण. स्टेंट टाकलाय, ताप उतरलाय, आत्या चहा मागतेय. आता सर्जन म्हणतात इन्फेक्शन आवरलं की याच अ‍ॅडमिशनमध्ये पिशवी काढू, काकांना वाटतंय दिवाळीनंतर करावं. थांबलं तर चालतं का?

स्कोपरूम
सर्जन म्हणतायत तर उरकून घ्या. पिशवीत खडे आहेत तोवर आणखी एखादा नळीत उतरू शकतो, आणि घरी गेलं की ऑपरेशन पुढे ढकललंच जातं. डिस्चार्ज कार्डवर स्टेंट काढायची तारीख लिहून घ्या, प्लास्टिकचा साधारण तीन महिन्यांच्या आत काढतात किंवा बदलतात, राहिला तर आत चोंदतो. बरं वाटायला लागलं की विसरलेले पेशंट आमच्याकडे पुन्हा ताप घेऊनच येतात, म्हणून तारीख काकांच्या मोबाईलवर पण टाकून ठेवा.