टोर्नेडोनंतरची नुकसान-पाहणी : ईएफ दर्जा नेमका कशावरून ठरतो? (टेनेसी, मार्च २०२०)

माळरान (धागाकर्ता)

२ आणि ३ मार्च २०२० च्या मधल्या रात्री टेनेसीत आलेल्या टोर्नेडोंच्या पाहणीचे अहवाल वाचतोय. एकाच सुपरसेलमधून (स्वतःभोवती फिरणाऱ्या मोठ्या गडगडाटी वादळातून) आधी नॅशव्हिलचा टोर्नेडो निघाला : नुकसानीचा ६० मैल लांब पट्टा, ईएफ-३ (एन्हान्स्ड फुजिता, म्हणजे टोर्नेडोच्या तीव्रतेचं ० ते ५ असं मापन), ताशी १६५ मैल, ५ मृत्यू. थोड्याच वेळात पुटनम काउंटीत कुकव्हिलजवळ दुसरा : पट्टा साडेआठ मैलही नाही, पण ईएफ-४, ताशी १७५ मैल, १९ मृत्यू.

शंका अशा. वारा कोणी मोजलेलाच नाही, मग १७५ हा आकडा आला कुठून? एकाच गल्लीतल्या दोन भुईसपाट घरांना वेगवेगळा दर्जा कसा काय मिळतो? आणि रात्रीच्या वादळात सरळ वाऱ्याने पडलेलं कोणतं, टोर्नेडोने पडलेलं कोणतं, हे दुसऱ्या दिवशी कशावरून सांगतात? हिवाळ्याच्या शेवटी तिथे झाडांना पानं नसतात, त्याचा काही परिणाम होतो का?

स्ट्रक्चरल कामाची पार्श्वभूमी आहे, त्यामुळे तपशील दिलात तरी चालेल. किंबहुना तोच हवा आहे.

---

जोतं_आणि_बोल्ट

घरांचं मी सांगतो, झाडांबद्दल इथले दुसरे जाणकार लिहितीलच.

ईएफ मापन अमेरिकेत १ फेब्रुवारी २००७ पासून लागू आहे. त्यात २८ नुकसान-निर्देशक आहेत : राहती घरं, मोबाइल होम (कारखान्यात बनवून चेसिसवर आणून ठेवलेलं घर), शाळा, पत्र्याच्या शेड, विजेचे मनोरे, झाडं वगैरे. प्रत्येक निर्देशकाला नुकसानीच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला वाऱ्याचे तीन आकडे : खालचा, अपेक्षित, वरचा. हे आकडे टेक्सास टेक विद्यापीठाच्या पुढाकाराने तज्ज्ञांचे अंदाज एकत्र करून ठरवले गेले. म्हणजे १७५ हा मोजलेला वेग नाही. त्या बांधकामाचं इतकं नुकसान व्हायला तीन सेकंदांचा झोत किती लागला असेल, त्याचा तो अंदाज आहे.

एक-दोन कुटुंबांच्या लाकडी घराला १० पायऱ्या आहेत. छपराचा मोठा भाग उडाला पण बहुतेक भिंती उभ्या आहेत, ही सहावी : अपेक्षित १२२ मैल. फक्त आतल्या लहान खोल्या उरल्या, ही आठवी : १५२. सगळ्या भिंती गेल्या, ही नववी : अपेक्षित १७०, खालचा १४२, वरचा १९८. उत्तम बांधलेलं घर जोत्यावरून साफ पुसलं गेलं, ही दहावी : २००. ईएफ-४ चा पल्ला १६६ ते २०० आहे. म्हणजे नवव्या पायरीवरचं घर बांधणी बघून ईएफ-३ मध्येही बसू शकतं आणि ईएफ-४ मध्येही. तुमच्या दुसऱ्या शंकेचं मूळ इथेच आहे.

ढिगाऱ्याकडे नंतर बघायचं, आधी खाली वाकून जोत्याचं काँक्रीट बघायचं. कडेने अर्धा इंची अँकर बोल्ट दिसतात का? अमेरिकी निवासी नियमांत ते काँक्रीटमध्ये किमान ७ इंच रुतलेले, जास्तीत जास्त ६ फुटांवर एक आणि तळपट्टीच्या (जोत्यावर भिंतीखाली बसणाऱ्या आडव्या लाकडाच्या) प्रत्येक तुकड्याच्या टोकापासून १२ इंचांच्या आत असावे लागतात. बोल्टवर नट आणि वॉशर जागेवर आहेत, भोवती लाकडाच्या चिरफळ्या अडकल्यात, म्हणजे तळपट्टी फाटून निघाली आणि जोडणी शेवटपर्यंत लढली. बोल्ट सरळ, स्वच्छ, आटे शाबूत आणि नटच नाही, म्हणजे पट्टी नुसती वर उचलली गेली. बोल्टऐवजी काँक्रीटमध्ये बारीक बारीक भोकं दिसली, तर पट्टी खिळ्यांनीच ठोकली होती. अशा घराला अपेक्षित आकडा लावायचा नाही, खालच्या टोकाकडे सरकायचं.

अनेकांकडून सुटतो तो पुढचा मुद्दा. तळपट्टी बोल्टसकट जागच्या जागी आहे, पण तिच्यातून खिळ्यांची टोकं आभाळाकडे बघत उभी आहेत आणि वरचे स्टड (भिंतीतले उभे लाकडी खांब) गायब आहेत. असं दिसलं तर बोल्ट कितीही चांगले असोत, त्यांचा उपयोग झालेला नाही. तळपट्टीतून खालून स्टडच्या टोकात ठोकलेले दोन खिळे सरळ उपसून निघाले. खिळा उपसायला लागणारा जोर तो कातरायला लागणाऱ्या जोरापेक्षा पुष्कळ कमी असतो. छपराचंही तसंच : वासा भिंतीवर दोन-तीन तिरक्या खिळ्यांनी धरलाय की धातूच्या पट्टीने, हे बघितल्याशिवाय सहाव्या पायरीचा आकडा लिहू नये.

अपयश कुठून सुरू झालं तेही शोधावं लागतं. गॅरेजचं रुंद दार वाऱ्याच्या तोंडाला असेल तर ते आधी आत दबतं, घरात दाब वाढतो, छप्पर खालून-वरून दोन्हीकडून उचललं जातं आणि आधार गेलेल्या भिंती बाहेर पडतात. शेजारच्या घराचं गॅरेज उलट्या बाजूला असेल तर त्याच वाऱ्यात ते टिकतं. पोकळ ब्लॉकच्या पायावर नुसतं ठेवलेलं घर अख्खं घसरलं, तर ती पाचवी पायरी, अपेक्षित १२१. लांबून ते पूर्ण उद्ध्वस्त दिसतं, पण ईएफ-२ च्या वर न्यायचा पुरावा त्यात नसतो.

---

ईशान्येचा_झोत

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आता ऋतूबद्दल.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वरच्या थरातले वारे जोरकस असतात, म्हणून वादळं फार वेगाने पळतात. नॅशव्हिलच्या टोर्नेडोने ६० मैल साधारण तासाभरात कापले. याचा थेट परिणाम झाडं पडण्याच्या दिशेवर होतो. हिशेब सोपा आहे : भोवऱ्याचा स्वतःचा वेग ८० धरा आणि पुढे सरकण्याचा ५५. उजव्या बाजूला बेरीज होऊन १३५, डाव्या बाजूला वजाबाकी होऊन २५. डावीकडे झाड पाडायला तेवढा वारा पुरतच नाही. मग पट्ट्यातली जवळजवळ सगळी झाडं पुढे, ईशान्येकडे पडलेली दिसतात आणि नवखा पाहणारा 'सरळ वारा' असं लिहून मोकळा होतो.

म्हणून एका जागी उभं राहून निर्णय घ्यायचा नाही. पट्टा आडवा ओलांडायचा आणि दर काही पावलांवर पडलेल्या बुंध्याची दिशा होकायंत्राने नोंदवायची : मुळांकडून शेंड्याकडे, अंशांत. उजव्या कडेची झाडं उत्तरेकडे झुकत मध्यरेषेकडे वळतात आणि डाव्या कडेची, जी काही असतील ती, पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे. दिशा मध्याकडे मिळत असतील तर टोर्नेडो; पंख्याप्रमाणे बाहेर फाकत असतील तर वरून आदळलेला झोत. एकमेकांवर पडलेल्या झाडांत खालचं आधी पडलेलं असतं. त्यावरून वारा कोणत्या क्रमाने फिरला तेही कळतं.

पानांचा परिणाम मोठा आहे. ओक, हिकरी यांसारखी पानझडी झाडं तेव्हा उघडी असतात, वाऱ्याला अडवणारं क्षेत्रफळ कमी, म्हणून जूनमध्ये ज्या वाऱ्यात मोडली असती त्यात ती मार्चमध्ये उभी राहतात. उलट, हिवाळी पावसाने जमीन भिजलेली असेल तर मुळं लवकर सुटतात. मापनात पानझडी झाड उन्मळण्याचा अपेक्षित वेग ९१ मैल आहे, बुंधा मोडण्याचा ११०. पण तो एकच आकडा बाराही महिने वापरला जातो. पानं आणि ओल यांचा विचार पाहणाऱ्याने स्वतः करायचा. चिखलातून मुळांसकट आडवा झालेला ओक आणि कोरड्या मातीत बुंध्यातून मोडलेला ओक यांच्यात मी तरी दुसऱ्याला कितीतरी जास्त वजन देईन. आधी कुजलेले, पोखरलेले बुंधे सरळ वगळावेत. मोडलेल्या जागेवर तपकिरी भुसभुशीत गाभा दिसला की तो पुरावा नाही.

सूचिपर्णी झाडांना बारा महिने पानं असतात, त्यामुळे पाइन आणि पानझडी यांची नोंद वेगळी ठेवणं या ऋतूत फार गरजेचं आहे. एकत्र केलीत तर पट्ट्याची रुंदी पाइन जिथे संपले तिथेच संपल्यासारखी दिसेल.

---

माळरान

दोघांचेही आभार. तळपट्टीतून वर आलेल्या खिळ्यांचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता. आणखी दोन गोष्टी : पहिल्या दिवशी जाहीर झालेले आकडे नंतर बदलतात ते का? आणि रडारचा वेग थेट का वापरत नाहीत?

---

पट्टा_मोजणारा

रडारचं आधी. अमेरिकी राष्ट्रीय हवामान सेवेच्या नॅशव्हिल कार्यालयाचं रडार ओल्ड हिकरीला आहे. तिथून कुकव्हिल नव्वदेक किलोमीटर. सर्वांत खालचा, अर्ध्या अंशाचा किरण तिथे पोचेपर्यंत जमिनीपासून सुमारे सव्वा किलोमीटर वर गेलेला असतो. तिथला वेग आणि घराच्या छपरावरचा वेग यांचा सरळ संबंध लावता येत नाही. रडारचा खरा उपयोग पाहणीची आखणी करायला होतो. फिरणाऱ्या वाऱ्याच्या जागीच सहसंबंध गुणांक (किरणाला भेटणारे कण किती एकसारखे आहेत त्याचं माप) ०.८० च्या खाली गेला आणि परावर्तन (परत आलेल्या संकेताची ताकद) मात्र चांगलं आहे, म्हणजे हवेत पत्रे, फळ्या, इन्सुलेशन उडतंय. अशा खुणांची रांग नकाशावर मांडली की कुठून कुठे जायचं ते कळतं. पण कचरा वर जायला वेळ लागतो आणि तो वाऱ्याबरोबर पुढे वाहतो, म्हणून पट्ट्याची सुरुवात पहिल्या खुणेच्या मागे शोधायची आणि शेवट शेवटच्या खुणेवर धरायचा नाही.

जमिनीवर काम असं चालतं. आधी काउंटीच्या आपत्कालीन व्यवस्थापकाशी बोलायचं. शोधकार्य चालू असेल तिथे पाहणी पथक जात नाही. गॅसचा वास आणि पडलेल्या तारा तपासायच्या, जाड तळाचे बूट आणि जादा स्टेपनी न्यायची. रस्ताभर खिळे असतात. पट्ट्याला आडवा जाणारा प्रत्येक रस्ता घ्यायचा आणि तिथे तीन नोंदी : एक कड, सर्वांत जास्त नुकसान, दुसरी कड. नुकसान संपलं असं वाटलं तरी अजून एक-दोन आडवे रस्ते पुढे जायचं, कारण पट्टा मध्येच विरळ होऊन पुन्हा दिसतो. नोंदी डॅमेज असेसमेंट टूलकिटमध्ये (नुकसान नोंदवायच्या ॲपमध्ये) टॅबवरच होतात : जीपीएस बिंदू, निर्देशक, पायरी, वेग, फोटो. प्रत्येक इमारतीचे फोटो चारही बाजूंनी, आणि जोडणीचा एक अगदी जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. जोडणीचा फोटो नसेल तर वरचा दर्जा पुढे कोणी मान्य करत नाही. ईएफ-४ किंवा त्याहून वरचा संशय आला की देशभरातल्या अनुभवी पाहणीकारांच्या गटाचं मत घेतात.

मार्चच्या सुरुवातीला मध्य टेनेसीत उजेड साडेअकरा तासांचा. एका रात्रीत अनेक टोर्नेडो झाले असतील तर पहिल्या दिवशी प्रत्येक पट्ट्यातला सर्वांत वाईट भाग तेवढा बघून होतो. म्हणून पहिला दर्जा 'प्राथमिक' असतो. पुढच्या दिवसांत टोकं सापडतात, लांबी बदलते, दोन वाटलेले पट्टे एक निघतात किंवा उलट. अंतिम नोंद स्टॉर्म डेटा या अधिकृत नोंदसंग्रहामध्ये काही आठवड्यांनी लागते.

डोंगराळ भागात रस्तेच नसतात, तिथे ड्रोन किंवा विमानातले फोटो. उपग्रहाचे फोटो मार्चमध्ये फसवतात : उघड्या फांद्यांच्या जंगलात मोडलेलं आणि न मोडलेलं जंगल दहा मीटरच्या चित्रात सारखंच करडं दिसतं. एप्रिलअखेर पालवी फुटली की पट्टा स्पष्ट उमटतो, म्हणून तेव्हा पुन्हा बघणं आवश्यक आहे. वादळ लगेच संपलं म्हणून काम लगेच संपत नाही.

आणि बुलडोझर. साफसफाई सकाळी सुरू होते. दुपारी पोचलात आणि जोतं अगदी कोरं दिसलं, तर दहावी पायरी लिहिण्याआधी काँक्रीटवर पात्याचे समांतर ओरखडे आणि कडेला चिखलात पट्ट्यांच्या चाकांचे ठसे शोधा. वाऱ्याने नेलेला ढीग वाऱ्याच्या दिशेला पसरत पसरत विरळ होतो. यंत्राने लोटलेला ढीग रस्त्याच्या कडेला एकगठ्ठा असतो. शेजाऱ्याला विचारा, किंवा सकाळचे हवाई फोटो मिळवा.

---

जोतं_आणि_बोल्ट

एक भर घालतो, कारण आकडे वाचणाऱ्यांचा इथे गैरसमज होतो. मोबाइल होमला मापनात मर्यादा आहे. एकेरी रुंदीचं मोबाइल होम पूर्ण नष्ट होऊन विखुरलं तरी अपेक्षित वेग १२७, वरचा १४८. त्याहून जोराचा वारा असला तरी ते घर तो 'सांगू' शकत नाही. अलाबामात ली काउंटीत ३ मार्च २०१९ ला २३ जण गेले, त्या टोर्नेडोला ईएफ-४, १७० मैल मिळाला. पण त्याच पट्ट्यात ईएफ-२ लिहिलेल्या बिंदूंवरही माणसं मेलेली असू शकतात, कारण तिथे उभं होतं ते मोबाइल होम. म्हणून दर्जा कमी म्हणजे वारा सौम्य असा अर्थ काढू नका. अशा ठिकाणी चेसिसला बांधलेल्या पोलादी पट्ट्या तुटल्या, गंजल्या होत्या की जमिनीतले स्क्रू अँकरच ओल्या मातीतून उपसले गेले, हे आवर्जून लिहावं. पुढे नियम बदलायचे तर तोच तपशील लागतो.

---

माळरान

शेवटचं. आपल्याकडे असं काही झालं तर हेच तक्ते चालतील का? मार्च २०२३ मध्ये पंजाबात फाजिल्का जिल्ह्यात टोर्नेडोने घरं पडली होती.

---

ईशान्येचा_झोत

जसेच्या तसे नाहीत. आपल्या विटांच्या भिंती, पत्र्याची छपरं अमेरिकी लाकडी घराच्या पायऱ्यांत बसत नाहीत. जपानने २०१६ पासून आपल्या बांधकामांना जुळवलेलं मापन घेतलं, कॅनडाने २०१३ मध्ये निर्देशक वाढवून घेतलं. युरोपातल्या अभ्यासकांनी वीटकाम धरून आंतरराष्ट्रीय फुजिता मापन तयार केलंय, आपल्याला ते जास्त जवळचं.

तोवर नोंद तरी नीट व्हावी. भिंत साडेचार इंची की नऊ इंची, मसाला सिमेंटचा की मातीचा, लिंटेलवर पट्टा आहे का. पत्रा जे-हुकने बसवलाय की स्क्रूने, हुकांमधलं अंतर किती, कैची भिंतीत गाडलेली की नुसती टेकवलेली. पत्रा हुकाभोवती फाटून गेला की हुक सरळ होऊन सुटला, की कैचीसकट सगळं उडालं, हे तीन प्रकार वेगळे लिहा. प्रत्येकाला लागणारा जोर वेगळा असतो आणि तो तुमच्यासारख्यांना गणिताने काढता येतो. पत्रे कुठे पडले त्यापेक्षा हे महत्त्वाचं, कारण सुटलेला पत्रा साध्या वळवाच्या वाऱ्यातही लांब जातो.