१९२७ च्या शिकागोची बोली मराठी एकांकिकेत किती आणि कशी आणावी?

विचारणा (नाशिक)

आमच्या हौशी नाट्यसंस्थेसाठी मी एकांकिका लिहीत आहे. ती १९२७ सालच्या शिकागोत घडते आणि तिच्यात तीनच पात्रे आहेत : तिथे शिकायला गेलेला मराठी विद्यार्थी, त्याची पन्नाशीतली घरमालकीण आणि चोरून दारू पोहोचवणारा एक तरुण. संवाद मराठीतच आहेत. मात्र काळ आणि शहर कानाला जाणवावे म्हणून अमेरिकन पात्रांच्या तोंडी ‘बीज नीज’ (एकदम झकास), ‘ट्वेंटी-थ्री स्किडू’ (चल, निघ इथून), ‘स्क्रॅम’ (चालता हो), ‘डॅडी-ओ’ (दोस्ता), ‘डो’ (पैसा), ‘हूच’ (चोरटी दारू) असे तेव्हाचे शब्द घातले आहेत. कालिदास कलामंदिरातल्या शेवटच्या रांगेपर्यंत यातले काय पोहोचणार, अशी दिग्दर्शकांची रास्त शंका आहे. पण हे शब्द काढले की ती माणसे शिकागोची न राहता पंचवटीची वाटू लागतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या यादीतले सगळे शब्द एका काळाचे नाहीत, हे आधी पाहायला हवे. ‘ट्वेंटी-थ्री स्किडू’ची लाट १९०६ च्या सुमारास आली होती, त्यामुळे १९२७ मधला विशीतला तरुण ते म्हणणार नाही, पण घरमालकिणीला ते शोभेल, कारण तरुणपणी तोंडात बसलेली बोली माणूस सहसा सोडत नाही. ‘डॅडी-ओ’ नंतरच्या जॅझवाल्यांचा आणि १९५० च्या दशकात सर्वत्र गेलेला, म्हणून तो काढावाच. ‘स्क्रॅम’ छापील मजकुरात १९२८ च्या सुमारास दिसू लागतो. त्याऐवजी ‘बीट इट’ घेतल्यास कोणाला हरकत घेता येणार नाही.

एक शब्द मात्र मी आवर्जून सुचवतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती आणि ती सर्रास मोडली जात असे. अशा कायदा मोडून पिणाऱ्यांना लाज वाटेल असा शब्द शोधण्यासाठी बंदीच्या एका श्रीमंत पुरस्कर्त्याने २०० डॉलरचे बक्षीस लावले आणि १९२४ च्या जानेवारीत बॉस्टनमध्ये ‘स्कॉफलॉ’ हा शब्द निवडला गेला. आपली घरमालकीण बंदीच्या बाजूची असेल, तर वर्तमानपत्रात वाचलेला हा शब्द ती त्या तरुणाच्या तोंडावर फेकेल, आणि एका शब्दात दोघांचे वैर उभे राहील.

शब्दांची साले तपासण्यासाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह घरबसल्या विनामूल्य चाळता येतो. बोलण्यातला शब्द छापून यायला काही वर्षे लागतात, एवढे ध्यानात ठेवावे.

प्रतिसाद २

शेवटच्या रांगेचे उत्तर आपल्या पात्ररचनेतच आहे. विद्यार्थी तिथे नवखा आहे; त्याला जे कळत नाही, तेच प्रेक्षकालाही कळत नाही. म्हणून समजावून सांगणारी वाक्ये घालू नयेत, कृतीला बोलू द्यावे. उदाहरणार्थ :

तरुण : (कोटाच्या आतून बाटली काढून टेबलावर ठेवत) हूच. थेट कॅनडातून आलंय, कुणाच्या न्हाणीघरात केलेलं नाही. पण आधी डो.

विद्यार्थी : आधी काय?

(तरुण काही न बोलता अंगठा तर्जनीवर घासतो.)

इथे दोन्ही शब्द कळले. पुढे तोच विद्यार्थी ‘डो’ हा शब्द घरभाडे देताना सहज वापरतो आणि मालकीण चमकून त्याच्याकडे पाहते, एवढे केले तरी तो कोणाच्या संगतीत आहे हे तिला आणि आपल्यालाही समजेल. एका प्रवेशात असे दोन शब्द मला पुष्कळ वाटतात. त्याहून जास्त झाले की नट संवाद बोलण्याऐवजी यादी वाचू लागतो.

प्रतिसाद ३

वरील सूचना मान्य आहेत, परंतु काळ बिघडतो तो बहुधा भोवतीच्या मराठीमुळे. अमेरिकन शब्द कितीही चोख असला, तरी त्याच्या शेजारी ‘टेन्शन घेऊ नका’ किंवा ‘भारी आहे’ आले की १९२७ साल तिथेच संपते. त्या तरुणाला मुंबईची टपोरी बोली देण्याचा मोहही टाळावा, कारण ती कानावर पडताच प्रेक्षकाला दादर-परळ दिसू लागते. त्याची वाक्ये तुटक आणि उर्मट ठेवावीत, घरमालकिणीची लांब आणि व्याकरणशुद्ध. विद्यार्थ्याने तिच्याशी ‘आपण’ म्हणून बोलावे. एवढ्या फरकावर वर्ग आणि वय दोन्ही उभे राहतात.

आपण नाशिकचे आहात म्हणून आणखी एक. देवळालीच्या छावणीच्या नावावरून निघालेला ‘डूलॅली’ (डोके फिरलेला) हा शब्द वापरण्याची इच्छा कोणालाही होईल. तो ब्रिटिश सैनिकांचा आहे. शिकागोच्या माणसाच्या तोंडी तो घालू नये.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. ‘स्कॉफलॉ’ घरमालकिणीला दिला असून ‘डॅडी-ओ’ आणि ‘स्क्रॅम’ काढले आहेत. घरभाड्याचा प्रसंग आजच नव्याने लिहायला घेतो. संहिता पूर्ण झाली की तोच प्रवेश इथे वाचायला देईन.