अनुभव धागा : देव-धर्म न मानणारे मग मानतात तरी काय? (नागपूर आणि परिसर)

एकीकडे संघाचं रेशीमबाग, दुसरीकडे ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याचं ताजबाग, तिसरीकडे दीक्षाभूमी, आणि १९८२ साली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू झाली तीही याच गावात. नागपुरात धर्मावर बोलणं कधी थांबत नाही. तरी धर्म सोडलेल्यांना तोच एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: मग तुम्ही मानता तरी काय? या धाग्यासाठी वेगवेगळ्या कामांतल्या जाणकारांना मुद्दाम बोलावलं आहे. विनंती एवढीच की स्वतःची कहाणी नको. तुमच्या कामात हा प्रश्न जिथे उभा राहतो तिथे काय करायचं, कसं करायचं, कुठे अडतं आणि का, तेवढं सांगा.

तत्त्वज्ञान शिकवणारे, धंतोली

नाकारण्याची कारणं फारशी गुंतागुंतीची नाहीत. दावा ज्याचा, पुरावा त्याचा, हे पहिलं. ग्रंथ खरा का, तर तो देवाचा शब्द. आणि देव आहे कशावरून, तर ग्रंथात सांगितलंय म्हणून. आपल्याच न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष मानतात. शिवाय ईश्वरी म्हणवणारे ग्रंथ एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. त्यातला खरा कोणता हे ठरवायला कसोटी ग्रंथाबाहेरचीच लागते, आणि ती हाती आली की तीच का वापरू नये?

माझ्या लेखी सगळ्यात जड कारण दुःखाचं. देव सर्वशक्तिमानही आहे आणि दयाळूही, तर दोन वर्षांच्या लेकराला रक्ताचा कॅन्सर का होतो? आपल्याकडे उत्तर तयार असतं: पूर्वजन्मीचं कर्म. या उत्तरात जो सोसतोय तोच अपराधी ठरतो, आणि तेही त्याला न आठवणाऱ्या, कुणालाही दाखवता न येणाऱ्या गुन्ह्यासाठी. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेला शतकानुशतकं याच उत्तराचा टेकू मिळाला. कर्मविपाक निव्वळ चुकीचा नाही, तो अन्यायकारक आहे, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

हे विचार बाहेरून आले म्हणणाऱ्यांनी आपलं घर एकदा तपासावं. लोकायतांनी, म्हणजे चार्वाकांनी, प्रत्यक्षालाच प्रमाण मानलं. अभिजात सांख्य दर्शन निरीश्वर आहे. पूर्वमीमांसा दर्शन वेद मानतं, पण जगाचा कर्ता ईश्वर आहे असं मानत नाही. १८८८ साली ‘सुधारक’ काढणारे आगरकर तर आपल्या भाषेतलेच.

वाद दोन ठिकाणी हमखास फसतो. ‘देव नाही हे विज्ञानानं सिद्ध केलं’ असं म्हणू नये. तसं सिद्ध झालेलं नाही, आणि पुराव्याची जबाबदारी उगाच आपल्या अंगावर येते. दुसरं म्हणजे श्रद्धाळू माणसाला मूर्ख ठरवू नये. ‘काय दिसलं तर माझं मत बदलेन’ हे आधी स्वतः सांगावं आणि मग समोरच्याला तेच विचारावं. बोलणं तिथून खरं सुरू होतं. मानतो काय, तर एवढं: कृती बरोबर की चूक हे ती ज्याच्यावर घडते त्याच्याकडे बघून ठरवायचं, आणि मत जितका पुरावा तितकंच घट्ट धरायचं.

चमत्कारांचे प्रयोग करून दाखवणारे, सक्करदरा

मंत्रानं अग्नी पेटवण्याचा प्रयोग गावात सगळ्यात जास्त मागितला जातो. स्टीलच्या ताटात थोडी राख, त्यावर बारीक कुटलेलं पोटॅशियम परमँगनेट अर्धा चमचा, मध्ये छोटा खळगा करून वरून पातळ कागद. ‘तूप’ म्हणून सात-आठ थेंब ग्लिसरीन सोडायचं. काही सेकंद काहीच होत नाही (बुवाचा मंत्र नेमका एवढ्यातच बसतो), मग धूर येतो आणि जांभळट ज्वाळा उठते. परमँगनेट ऑक्सिजन देतं, ग्लिसरीन जळतं, निघालेल्या उष्णतेनं वेग वाढत जातो. प्रयोग फसतो तो तीन कारणांनी: खडे जाडे राहिले, ग्लिसरीनमध्ये पाणी होतं, किंवा डिसेंबरातली गार सकाळ होती. थंडीत ग्लिसरीनची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी. पेटलं नाही म्हणून वाकून बघायला जाऊ नका, पेट उशिरानं घेतो. जवळ वाळूची बादली, समोरची पोरं सहा फूट लांब, आणि सामान पोरांच्या हाती कधीच नाही.

करणीच्या लिंबातून रक्त काढतात, ते सुरीला लावलेलं मिथाइल ऑरेंज. आम्लात ते लाल होतं. सुरी पुसून दुसरं लिंबू कापायला सांगा. नीट पाहिलं तर पहिल्या लिंबातही लाली फक्त कापाच्या रेषेवर असते, फोडीच्या आत नाही.

पण प्रयोग संपवून टाळ्या घेऊन निघून येऊ नये. खरा विषय साप आहे. विदर्भात पावसाळ्यात धान आणि सोयाबीनच्या शेतात साप चावतो, आणि माणूस आधी मांत्रिकाकडे जातो. मांत्रिकाचे बरेच रुग्ण वाचतात, कारण बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. वाचलेले मांत्रिकाच्या खात्यात जमा होतात, मेलेले ‘वेळ भरली होती’ म्हणून नशिबाच्या. हा हिशेब गावासमोर मांडा, शिव्या द्यायची गरज पडत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, आणि सुरुवातच साधारण ८ ते १० व्हायलनी (कुप्यांनी) होते. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि थेट ग्रामीण रुग्णालय गाठा.

जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये इथल्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. त्याआधी २० ऑगस्टला डॉ. दाभोलकरांचा खून झाला होता. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५,००० ते ५०,००० रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हे अनुसूचीत (कायद्याला जोडलेल्या गुन्ह्यांच्या यादीत) स्पष्ट लिहिलेलं आहे. तक्रारीत ‘अंधश्रद्धा पसरवतो’ असं मोघम लिहिलं की ती लटकते. अनुसूचीतला नेमका मुद्दा, तारीख, जागा, दिलेले पैसे आणि साक्षीदार लिहा. कीर्तन, प्रवचन, वारी, प्रदक्षिणा यांना हा कायदा हात लावत नाही, हे गावात आधीच सांगितलं तर अर्धा विरोध मावळतो.

वकील, सिव्हिल लाइन्स

विधीशिवाय लग्न हवं असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४. वर २१, वधू १८ पूर्ण. दोघांपैकी एकजण नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे द्यायची. तिची प्रत कार्यालयात लागते आणि आक्षेपासाठी ३० दिवस असतात. आक्षेप फक्त कायद्यातल्या अटींवर घेता येतो: आधीचा जोडीदार हयात असणं, वय, संमती देण्याची मानसिक क्षमता, निषिद्ध नातं. ‘आम्हाला पसंत नाही’ हा आक्षेप नव्हे. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस नव्याने.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार. कायद्याला एकच वाक्य लागतं, आणि ते दोघांनी एकमेकांना, समजणाऱ्या कोणत्याही भाषेत म्हणायचं: मी तुला माझी कायदेशीर पत्नी, माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारतो, स्वीकारते. ते म्हटल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. त्यात कन्यादान नाही, कुणी कुणाला देत नाही. अडतं ते बहुधा कागदांवर: राहण्याचा पुरावा दुसऱ्या जिल्ह्याचा, घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत नाही, साक्षीदाराच्या ओळखपत्रावर नाव वेगळं.

एक गैरसमज. या कायद्यानं लग्न केलं की वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, हे सरसकट खरं नाही. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर कलम २१-अ नुसार हिंदू उत्तराधिकार कायदाच लागतो. मालमत्ता वेगळ्या पद्धतीनं वाटायची असेल तर मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सहीनं.

धर्माचा रकाना: २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की सरकार कुणाला धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही, आणि ‘कोणताही धर्म नाही’ असं म्हणायचा नागरिकाला हक्क आहे. फॉर्मवर ‘निरंक’ लिहिण्यापेक्षा हे पूर्ण वाक्य लिहावं. मात्र अनुसूचित जातीच्या सवलतींबाबत १९५० चा आदेश हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मांशी बांधलेला आहे. मुलांच्या दाखल्यात किंवा राजपत्रात बदल करण्याआधी जातपडताळणीचे कागद घेऊन वकिलाकडे बसा. अनुसूचित जमातीला ही धर्माची अट नाही.

शरीररचनाशास्त्र विभागातून

मृत्यूनंतर काही उरत नाही असं मानणाऱ्यांना देहदान जवळचं वाटतं. पण फॉर्म भरून फाइलमध्ये ठेवला म्हणजे देहदान झालं नाही. मृत्यूनंतर देह ज्यांच्या ताब्यात असतो त्या नातेवाइकांनी होकार दिला तरच देह कॉलेजपर्यंत पोचतो. म्हणून फॉर्मवर मुलाची किंवा मुलीची सही घ्या, आणि जो सगळ्यात जास्त विरोध करील त्याच्याशी आधी बोला. पुण्याहून किंवा परदेशातून येणाऱ्या भावासाठी थांबायचं की नाही, हेही तेव्हाच ठरवा. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ वर असतो, देह तासातासाला बिघडत जातो. थांबणं भाग असेल तर शीतपेटी किंवा शवागार, घरात बर्फाच्या लाद्या नकोत.

क्रम असा. डॉक्टरकडून कारणासह मृत्यूचा दाखला, घरी मृत्यू झाला तर नमुना ४-अ. लगेच नेत्रपेढीला फोन: डोळे सहा तासांत, उन्हाळ्यात त्याहून लवकर. पापण्या मिटवा, वर ओल्या कापसाच्या घड्या, पंखा बंद, डोक्याखाली दोन उश्या. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन यांपैकी काहीही आड येत नाही. पथक बुबुळाचा पारदर्शक पडदा काढतं, अर्ध्या तासाच्या आत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. त्यानंतर मेडिकल, मेयो (नागपूरची दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं), एम्स किंवा ज्या कॉलेजात नोंद आहे तिथे फोन करून मगच निघा. मृताचं आणि सही करणाऱ्या नातेवाइकाचं आधार सोबत ठेवा, गाडी कोण देणार ते विचारून घ्या.

नाकारलं जातं तेव्हा घरचे दुखावतात, म्हणून कारणं आधीच माहीत असावीत: शवविच्छेदन झालेला देह, अपघात किंवा आत्महत्येची पोलीस केस, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, अंथरुणाला खिळून झालेल्या जखमा (शय्याव्रणं) फार सडलेला देह. मेंदूमृत अवस्थेत अवयव दिले असतील तर बहुधा देहदान होत नाही. त्याचा समन्वय नागपूरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र करतं, आणि दोन्हींतून निवडायचं झालं तर अवयव आधी.

कॉलेजात मांडीच्या किंवा मानेच्या रोहिणीतून फॉर्मॅलिनचं द्रावण भरतात. मग एक गट त्या एका देहावर महिनोन् महिने शिकतो. अस्थी परत मिळत नाहीत. विसर्जनाची इच्छा कुणाच्या मनात असेल तर हे आधीच स्पष्ट सांगा. देह स्वीकारल्याचं पत्र जपून ठेवा, घाटाची पावती नसल्यामुळे महापालिकेतल्या मृत्यूनोंदीला तेच लागतं. नोंदीची मुदत २१ दिवस.

घाटावरच्या शोकसभा सांभाळणारे, मानेवाडा

‘काहून, तेरवी नाही करत का?’ हे सगळेच विचारतात. तेरवी म्हणजे तेराव्याचा विधी आणि पंगत. नुसतं ‘नाही’ म्हटलं की लोक तुटतात, त्यांना यायला एक दिवस आणि एक जागा लागते. आपल्याकडे घाटावर शोकसभेची चाल आहेच, ती नीट करा. बोलणारे चारच, प्रत्येकी तीन मिनिटं, एक तरी शेजारी किंवा कामावरचा सोबती. ‘ईश्वर आत्म्यास शांती देवो’ हे कुणी म्हटलंच तर अडवू नका. तेरवीच्या पंगतीचा खर्च कुठे द्यायचा ते त्याच सभेत नावानिशी सांगा, नाहीतर दहाव्या दिवसापर्यंत काका-मामा आचारी ठरवून मोकळे होतात. लाकडाऐवजी शेतातल्या काडीकचऱ्याचं मोक्षकाष्ठ मिळतं, ते हवं असेल तर घाटावर पहिला फोन करतानाच सांगावं.

इंदोऱ्याहून, आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते

बौद्ध असणं आणि धर्म न मानणं यावर आमच्यात मनापासून मतभेद आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यांत देव, अवतार, श्राद्ध, पिंडदान स्वच्छ नाकारलेलं आहे. सहावी प्रतिज्ञा श्राद्ध-पिंडदानाचीच. काहींच्या मते धम्म म्हणजे नीती, म्हणून त्यांना दुसरा निरीश्वरवाद लागत नाही. काहींना मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदन आणि जलदान विधीत जुनी तेरवीच परत आलेली दिसते. मी दुसऱ्या गटाच्या जवळचा. पण या वस्तीत धर्म नाकारण्याचं पहिलं कारण तत्त्वज्ञानाचं नव्हतं, पाणवठ्याचं आणि देवळाच्या दाराचं होतं. ‘देव आहे की नाही’ एवढ्यावरच जो नास्तिक थांबतो, त्याच्याशी आमचं अर्धंच जुळतं.

शिक्षिका, महाल

शाळेच्या प्रार्थनेबद्दल पालक विचारतात. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते. घटनेचं कलम २८(३). मुख्याध्यापकांना लेखी द्या, सौम्य भाषेत, आणि मूल त्या वेळात कुठे बसेल तेही त्यातच सुचवा. एकट्या मुलाला मैदानात वेगळं उभं करतील असा तोडगा मान्य करू नका.

सणांचं काय करायचं, हाही प्रश्न असतोच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत (पुतळ्यांची मिरवणूक) निघते, तेव्हा मुलांना जरूर न्या. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत गर्दीत चालू द्या, बडग्यांवर (सोबतच्या टीकेच्या पुतळ्यांवर) कुणाला धारेवर धरलंय ते वाचू द्या. रोगराई पुतळा जाळून जाते का, हे तिथे विचारू नका. आठवड्याभरानं घरातल्या कूलरची टाकी मुलांकडूनच रिकामी करून घ्या, तळ ब्रशनं घासायला लावा आणि काढलेलं पाणी पांढऱ्या वाटीत घ्या. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की डेंग्यूचं पुढचं मुलं स्वतःच विचारतात.